मीटरवर शंका, खात्याबाबत बेफिकिरी : भिलाईतील सामान्यांच्या अविश्वासाचा हिशेब

मोहन नगर (भिलाई), विशेष विश्लेषण :

दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील मोहन नगरचे नाव अलीकडे पोलिसांच्या नोंदींत एका नव्या कारणाने येऊ लागले आहे. मोहन नगरसह जिल्ह्यातील अनेक पोलीस ठाण्यांत ‘म्यूल खात्यां’चे गुन्हे दाखल झाले. म्यूल खाते म्हणजे एखाद्या सामान्य माणसाच्या नावाने रीतसर उघडलेले, पण प्रत्यक्षात भामट्यांच्या हाती असलेले बँक खाते. खातेदाराला दरमहा किंवा व्यवहारामागे थोडी रक्कम मिळते. त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाईलचे सिमकार्ड मात्र दुसऱ्याच्या खिशात जाते. देशाच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी आयुष्यभराची कमाई लुटली गेली की ती काही मिनिटांत अशाच खात्यांमधून पुढे सरकते. पोलीस माग काढत येतात, तेव्हा त्यांना खातेदार सापडतो. लुटणारा सापडेलच असे नाही.

याच काळात छत्तीसगडमध्ये स्मार्ट मीटरविरुद्धचा असंतोषही वाढला. नवे मीटर जोरात पळते, ते दुरून चालवता येते, कंपनी त्यातून हवे तेवढे युनिट दाखवते, अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. महाराष्ट्रातील ग्राहकांना हा सूर नवा नाही. भिंतीवरच्या एका यंत्राकडे इतक्या संशयाने पाहणाऱ्या समाजात बँकेचे खातेच भाड्याने देण्याइतकी बेफिकिरी कशी वाढली, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. सामान्य माणसाचा तंत्रज्ञानावर, कायद्यावर आणि बदलत्या समाजव्यवहारावर विश्वास उरलेला नाही, असे सरसकट म्हटले जाते. भिलाईच्या अनुभवावरून असे दिसते की अविश्वास भरपूर आहे आणि त्याला आधारही आहे. तो अनेकदा चुकीच्या जागी खर्च होतो, हे खरे दुखणे आहे.

पोलादनगरीतून दुबईपर्यंत

भिलाईची ओळख पोलाद कारखान्याची. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच्या सव्वादोन वर्षे आधीपर्यंत हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या परंपरेतील राज्याचा भाग होता. मुंबई-हावडा लोहमार्गाने गोंदिया, राजनांदगाव ओलांडून अनेक मराठी कुटुंबे येथे पोहोचली आणि स्थिरावली. यंत्राविषयी अविश्वास हा या शहराचा स्वभाव नव्हता. यंत्रानेच त्याला नोकरी, शाळा, दवाखाना आणि घर दिले होते.

गेल्या काही वर्षांत मात्र भिलाईचे नाव देशभर गाजले ते ‘महादेव’ या ऑनलाइन सट्टेबाजीच्या ॲपमुळे. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार, भिलाईचे रहिवासी असलेले सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे या जाळ्याचे मुख्य प्रवर्तक असून ते दुबईतून कारभार चालवत होते. चंद्राकर याचे पूर्वी भिलाईत फळांच्या रसाचे दुकान होते. ओळखीच्या लोकांना ‘पॅनेल’ किंवा शाखा चालवायला देऊन नफा ७०-३० या प्रमाणात वाटून घेतला जात असे, असे तपास यंत्रणेने नमूद केले आहे. या प्रकरणातील गुन्ह्यातून मिळालेली रक्कम सुमारे ६ हजार कोटी रुपये असावी, असा संचालनालयाचा अंदाज आहे. ही प्रकरणे न्यायप्रविष्ट असून आरोप सिद्ध व्हायचे आहेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रास अल खैमा येथे झालेल्या चंद्राकर याच्या विवाहात सुमारे २०० कोटी रुपये रोखीने खर्च झाल्याचा दावा संचालनालयाने केला. कुटुंबीयांना नेण्यासाठी नागपुरातून खासगी विमाने भाड्याने घेण्यात आली आणि सजावटकार, नर्तक यांना मुंबईतून बोलावण्यात आले, असेही त्यात म्हटले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये छत्तीसगड पोलिसांतील एका सहायक उपनिरीक्षकाला संचालनालयाने अटक केली. सट्टेवाल्यांकडून आलेला पैसा संरक्षणाच्या बदल्यात पुढे पोहोचवल्याचा आरोप त्याच्यावर होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांचेही नाव या प्रकरणात घेतले गेले. त्यांनी सर्व आरोप फेटाळले आणि कारवाई राजकीय हेतूने होत असल्याचे सांगितले. पुढे राज्यात सत्ताबदल झाला आणि २०२४ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

महाराष्ट्रही या जाळ्याबाहेर राहिला नाही. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये गुन्हा नोंदवून पुढे विशेष तपास पथक नेमले. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे एका इमारतीवर छापा घालून अनेकांना ताब्यात घेतले. द्राक्षे आणि टोमॅटोच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावातून सट्ट्याचे काम चालत असल्याचे उघड झाले, तेव्हा स्थानिकांना धक्का बसला. ॲपला गाव, जिल्हा, राज्य यांच्या सीमा नसतात. पोलीस ठाण्याला मात्र हद्द असते.

कायदा मागे का पडतो

सामान्यांच्या मनातील पहिला संशय याच ठिकाणी आहे : कायदा नेहमी उशिरा का येतो?

घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार जुगार आणि सट्टा हे राज्यसूचीतील विषय आहेत. इंटरनेटवरील एखादे संकेतस्थळ किंवा ॲप बंद करण्याचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये केंद्राकडे आहे. गुन्हा राज्याचा आणि कुलूप केंद्राचे, अशी ही व्यवस्था आहे. केंद्रीय मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी महादेवसह २२ बेकायदा सट्टेबाजी ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले, तोपर्यंत हे जाळे अनेक राज्यांत पसरले होते. हा आदेश आधी का निघाला नाही, यावरून केंद्र आणि तत्कालीन राज्य सरकार यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. नागरिकाला या वादातून एवढेच समजले की ज्याच्याकडे तक्रार करायची, त्याच्या हातात उपाय नव्हता.

कायद्याची पुस्तकेही जुनी होती. देशात दीर्घकाळ १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि मुंबई इलाख्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा हेच मुख्य आधार होते. ‘जुगाराचा अड्डा’ म्हणजे चार भिंतींची खोली, ही त्यांची कल्पना. छत्तीसगडने २०२२ चा जुगार प्रतिबंधक कायदा करून ऑनलाइन जुगाराला स्वतंत्रपणे कक्षेत घेतले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये अनधिकृत सट्टेबाजीचा समावेश किरकोळ संघटित गुन्ह्यांत करण्यात आला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि जाहिरात करणाऱ्यांना २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार मानलेले नाही. या कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेले आणि ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली.

येथे सामान्य माणसाला एक विसंगती बोचते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेमिंगमध्ये लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होता. क्रिकेट संघाच्या अंगावर अशाच एका कंपनीचे नाव झळकत होते. दोन वर्षांच्या आत तोच व्यवहार बंदीयोग्य ठरला. कालपर्यंत कर घेतला, जाहिरात दाखवली आणि आज अपराध म्हटले, तर आधीचे खरे की आताचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत न्यायालयांनी भेद केला आहे. त्या सूक्ष्म भेदाचा उपयोग मोबाईलवर पैसे गमावलेल्या तरुणाला किंवा त्याच्या आईवडिलांना फारसा होत नाही.

जुनीच वाट, नवे वाहन

तंत्रज्ञानाने कायद्याला चकवण्याची ही पहिली वेळ नाही. मुंबईने हा अनुभव दोनदा घेतला आहे.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीचे आणि अखेरचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. त्या काळी दूरसंदेशाची यंत्रणा ही आधुनिकतेची खूण होती. व्यापारासाठी आलेल्या या सोयीवर आकड्याचा धंदा उभा राहिला. १९६१ मध्ये ही पद्धत थांबली, तेव्हा धंदा थांबला नाही. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांशी जोडला गेलेला मटका त्यातून वाढला आणि गिरणगावातील अनेक कामगारांच्या पगाराला त्याने वाट काढून दिली.

दुसरा प्रसंग शब्दकोड्यांचा. आर. एम. डी. चमरबागवाला यांची बक्षीस स्पर्धा बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या नियतकालिकातून चालत असे आणि त्याचा मोठा वाचकवर्ग मुंबई राज्यात होता. राज्याबाहेर छापलेल्या वृत्तपत्रांतील स्पर्धांवरही कर लावता यावा म्हणून मुंबई राज्याने १९५२ मध्ये आपल्या १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयात राज्याची सरशी झाली नाही. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू मान्य केली आणि जुगार हा व्यापार नसल्याने त्याला व्यापार-स्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही, असे स्पष्ट केले. बंगळूरच्या छापखान्याच्या जागी आज दुबईतील संगणक आले आहेत. शेजारच्या राज्यातील छापखान्यापर्यंत पोहोचायला कायद्याला पाच वर्षे लागली होती. समुद्रापलीकडच्या आरोपीपर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्यार्पणाची दीर्घ प्रक्रिया पार करावी लागते.

या इतिहासावरून असे म्हणता येते की ‘मोबाईलमुळे समाज बिघडला’ हे विधान अपुरे आहे. मोह जुनाच आहे, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे अंतर मात्र घटले. मटक्याच्या अड्ड्यावर जाताना ओळखीचे कोणी पाहील, ही भीती होती. शेजाऱ्याची नजर हाही एक प्रकारचा कायदाच होता. खिशातल्या अड्ड्याला ती नजर उरली नाही.

मीटरची शंका किती खरी

दुसरा संशय यंत्रावरचा. पुनर्रचित वितरण क्षेत्र योजनेखाली २०२१ पासून देशभर सुमारे २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात विरोध इतका तीव्र झाला की जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सामान्य घरगुती ग्राहकांकडे असे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर करावे लागले.

छत्तीसगडमध्ये मीटरचा राग वाढण्यास आणखी एक कारण घडले. १ मार्च २०१९ पासून राज्यात ४०० युनिटपर्यंतच्या वापरावर निम्मे बिल आकारण्याची योजना होती. १ ऑगस्ट २०२५ पासून ही मर्यादा १०० युनिटवर आणली गेली. ज्या घरात महिन्याला ३०० युनिट वीज लागते, त्या घराची सवलत एका झटक्यात संपली. नवे मीटर आणि वाढलेले बिल एकाच हंगामात घरी आले. दोष मीटरला मिळाला. वास्तविक मीटरने मोजलेले युनिट आणि सरकारने बदललेला सवलतीचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जनमताचा दबाव वाढल्यावर १ डिसेंबर २०२५ पासून मर्यादा २०० युनिट करण्यात आली. निर्णय बदलला तो सरकारच्या दालनात. भिंतीवरचे यंत्र होते तसेच राहिले.

याचा अर्थ मीटरविषयीची शंका निरर्थक आहे, असा नाही. यंत्र चुकू शकते आणि ते बसवणारी कंपनीच त्याची तपासणी करणार असेल, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेली दुरुस्ती येथे महत्त्वाची ठरते. मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार ग्राहकाने केली, तर वितरण कंपनीने पाच दिवसांत दुसरे मीटर जोडून किमान तीन महिने पडताळणी करावी, असे हा नियम सांगतो. ग्राहकाला अडाणी न ठरवता त्याच्या शंकेला मोजमापाने उत्तर देण्याची ही पद्धत आहे. दुर्दैवाने, घोषणा आणि मोर्चे यांच्या गदारोळात हा नियम फार थोड्या घरांपर्यंत पोहोचला.

भीतीचा बाजार

तिसरा आणि सर्वांत महाग पडणारा अविश्वास कायद्याच्या अंमलावरचा आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ झाली. यातील ‘डिजिटल अटक’ हा प्रकार विशेष विचार करायला लावणारा आहे. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन् तास, कधी दिवसेंदिवस बसवून ठेवले जाते आणि प्रकरण मिटवण्यासाठी पैसे उकळले जातात. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक अस्तित्वात नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याबाबत सावध केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

या फसवणुकीला निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापकही बळी पडले. केवळ अज्ञानाने त्याचे स्पष्टीकरण होत नाही. आपण काही केलेले नसले तरी आपल्याला अडकवले जाऊ शकते, चौकशीच्या फेऱ्यात वर्षे जातील, पैसे देऊन सुटणे बरे, ही धारणा समाजात खोल रुजलेली आहे. भामटे तंत्रज्ञान वापरतात हे खरे, पण त्यांचे भांडवल ही धारणाच आहे. ज्याला कायद्याचा भरवसा वाटतो, तो ‘समन्स घेऊन घरी या’ असे म्हणू शकतो. ज्याला भरवसा नाही, तो दार लावून घेतो आणि मुदत ठेव मोडतो.

नेमकी हीच धारणा भाड्याने खाते देणाऱ्या तरुणाकडे उलट्या रूपात दिसते. सगळेच करतात, मोठे सुटतात, आपल्या छोट्या खात्याला कोण विचारणार, असे तो मानतो. प्रत्यक्षात कागदावर नाव त्याचे असते. रकमेचा मोठा वाटा दुसरीकडे गेलेला असतो आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात पहिले नाव त्याचे येते. ही खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ‘म्यूलहंटर’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली तयार केली आहे. खाते दिल्याबद्दल मिळालेले काही हजार रुपये वकिलाच्या पहिल्या फीलाही पुरत नाहीत.

कारवाईची दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. संशयित रकमेचा एखादा हिस्सा किराणा दुकानदाराच्या किंवा भाजीवाल्याच्या खात्यात ग्राहकाकडून आला, तर दूरच्या राज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे संपूर्ण खाते गोठवले जाण्याचे प्रकार घडतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, गोठवण्याची कारवाई वादग्रस्त रकमेपुरती मर्यादित असावी, अशी भूमिका घेतली. निरपराध व्यापाऱ्याला मोकळे होण्यासाठी परराज्यातील ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागणार असेल, तर पुढच्या वेळी तो यूपीआयची पाटी काढून रोख पैसे मागेल. त्याच्या या वागण्याला मागासलेपणा म्हणता येणार नाही.

संशयाची योग्य जागा

व्यक्तिगत माहितीच्या बाबतीतही चित्र वेगळे नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतांश मुख्य तरतुदींसाठी आणखी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. हक्क मान्य झाल्यापासून त्याचे पूर्ण संरक्षण मिळेपर्यंत जवळजवळ दहा वर्षे जातात. या अवधीत आधारची प्रत, छायाचित्र आणि मोबाईल क्रमांक किती ठिकाणी दिला गेला, याची मोजदाद कोणत्याही घरात नाही. म्यूल खात्यांचा कच्चा माल हाच आहे.

हा सारा हिशेब मांडला, तर सामान्यांच्या अविश्वासाला दोन रूपे असल्याचे दिसते. एक शंका पुरावा मागते : मीटर तपासा, आदेश दाखवा, पावती द्या. दुसरी आधीच हार मानते : सगळे एकच आहेत, काही बदलणार नाही. पहिली शंका लोकशाहीत नागरिकाचे काम करते आणि व्यवस्थेला सुधारते. दुसरी सट्टेवाल्याला गिऱ्हाईक, भामट्याला बळी आणि टोळीला बँक खाते पुरवते. दुसरीचे पहिलीत रूपांतर करण्याची जबाबदारी केवळ जनजागृतीच्या फलकांवर ढकलता येणार नाही. तक्रार केल्यावर पाच दिवसांत दुसरे मीटर खरोखर लागले, गोठलेले खाते ठराविक दिवसांत सुटले, मोठ्या आरोपींचे खटले निकालापर्यंत पोहोचले, तरच शंकेला उत्तर मिळेल.

फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पैसा खात्यांमधून पुढे सरकण्याआधी, म्हणजे पहिल्या काही तासांत, दूरध्वनी केला तर रक्कम अडवण्याची शक्यता वाढते. २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत या यंत्रणेने सुमारे साडेपाच हजार कोटी रुपये वाचवल्याचे सरकारने सांगितले आहे. केवळ २०२४ या एका वर्षातील नुकसानीच्या तुलनेत ही रक्कम चौथा हिस्साही नाही. तरीही हे पैसे वाचले ते वेळेवर शंका घेऊन तक्रार करणाऱ्यांमुळे. मोहन नगर असो वा नारायणगाव, खाते मागायला येणारा माणूस बहुतेकदा ओळखीचाच असतो. मीटरला विचारले जाणारे प्रश्न त्यालाही विचारले गेले, तर पोलिसांच्या नोंदींतील बरीच नावे तेथे येणारच नाहीत.